नवीन एक्स-रे मशीन घ्यायचंय, चालवणार मीच, तर सेफ्टीसाठी नेमकं काय बघू?

एक्सरेवाली_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे, सहा वर्षं झाली. आमचं १०० एमएचं (मिलिअँपिअर, ट्यूबमधल्या करंटचं माप) जुनं मशीन सारखं बंद पडतंय म्हणून डॉक्टरांनी नवीन घ्यायचं ठरवलंय आणि मला म्हणाले, दिवसभर तू त्याच्यासमोर असतेस, तूच बघून सांग. असं कुणी विचारलं याचंच बरं वाटलं, पण आता उत्तर नीट द्यायचंय.

समोर तीन पर्याय आहेत. एक, असंच साधं १०० एमए मोबाइल नवीन घ्यायचं आणि सीआर (कॅसेटमधली प्लेट रीडरमध्ये घालून फोटो काढायची पद्धत) चालू ठेवायचं. दोन, हाय फ्रिक्वेन्सी ३०० एमए, फ्लोअर स्टँड, टेबल, चेस्ट स्टँड आणि डीआर पॅनल (फोटो थेट कॉम्प्युटरवर देणारं). तीन, जे डॉक्टरांच्या मनात आहे, म्हणजे जुनं मशीन दुरुस्त करून तेच ठेवायचं आणि फक्त डीआर पॅनल घ्यायचं. डीलर म्हणतो डीआर आलं की डोस आपोआप निम्मा होतो, मग मशीन कुठलंही असो. हे खरं आहे का?

दोन्ही डीलरना मी विचारलं की माझ्यासाठी आणि पेशंटसाठी सेफ कुठलं, तर दोघंही फोटो किती क्लिअर येतो तेच दाखवत बसले. एकाने सोबत दोन लेड अ‍ॅप्रन फ्री देतो म्हणून सांगितलं.

हे मी इतकं खोदून विचारतेय त्याला कारण आहे. आधी जिथे काम करायचे तिथल्या मशीनच्या कॉलिमेटरचा (किरणांचं फील्ड लहानमोठं करणारा ट्यूबखालचा डबा) बल्ब गेलेला होता आणि आठ महिने कुणी बदलला नाही. लाइट नाही म्हणजे कुठे किरण पडतायत ते दिसत नाही, मग कापलं जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी शटर पूर्ण उघडायचं आणि अंदाजाने मारायचं. एकदा चार वर्षांच्या मुलीच्या मनगटाची फिल्म काढली, टेबलाशेजारी बसवून, डोकं मागे कर म्हटलं होतं, तरी फिल्मवर मनगटाच्या वर तिच्या हनुवटीची कड आली होती. ती फिल्म मला अजून दिसते. शिवाय पुढच्या वर्षी आम्ही बाळाचा विचार करतोय, त्यामुळे माझं स्वतःचंही आहेच.

रूम साधारण १२ बाय १४ फुटांची, भिंती विटांच्या, दाराला शिसं आहे असं म्हणतात पण मी बघितलेलं नाही, आणि दाराच्या बाहेरच पेशंट बसायचा बाक आहे. जाणकारांनी सांगा प्लीज.

जुना_डार्करूमवाला

ताई, सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं हेच काम केलं, आता रिटायर आहे. तुमची पोस्ट वाचून लिहायला बसलो कारण तो बल्बवाला प्रकार मीपण पाहिलाय, आणि लोकांना वाटतं की बल्बच तर आहे.

आधी तिसऱ्या पर्यायाचं बोलतो. किरण निघतात ट्यूबमधून, पॅनल फक्त झेलतं. त्यामुळे जुनी ट्यूब, जुना टायमर, सैल झालेला कॉलिमेटर ठेवून खाली कितीही महाग पॅनल ठेवलं तरी पेशंटच्या अंगावर काय पडतंय ते वरचं ठरवणार. पॅनलला कमी एक्सपोजर पुरतं हे खरं, पण जुन्या मशीनला ते कमी आणि मोजून देता आलं पाहिजे ना. आणि डिजिटलमध्ये एक वाईट सवय लागते. फिल्मच्या काळात फॅक्टर (एक्सपोजरची सेटिंग) जास्त झाला की फिल्म काळीठिक्कर, सरळ डॉक्टर ओरडायचे, म्हणून हात आवरलेला असायचा. आता जास्त दिला तर फोटो उलट गुळगुळीत छान येतो, कमी दिला तर दाणेदार येतो, मग माणूस हळूहळू वाढवतच जातो आणि कुणाला कळतसुद्धा नाही. डीआर आलं म्हणून डोस आपोआप काही निम्मा होत नाही, तुम्ही कमी केलात तर होतो. सीआरचं तर अजूनच, त्याला फिल्मच्या कॅसेटमधल्या जुन्या चांगल्या हिरव्या स्क्रीनपेक्षा बऱ्याचदा जास्तच लागायचं.

आता साधं मशीन आणि हाय फ्रिक्वेन्सी यातला फरक. साध्या मशीनमध्ये केव्ही (ट्यूबचं व्होल्टेज) सेकंदाला शंभर वेळा वर चढतो आणि शून्यावर येतो. खालच्या केव्हीचे जे मऊ किरण निघतात ते फिल्मपर्यंत पोचतच नाहीत, कातडीत आणि मांसातच मुरतात, म्हणजे पेशंटला फुकटचा डोस आणि आपल्याला फोटोत काही नाही. हाय फ्रिक्वेन्सीमध्ये केव्ही जवळजवळ सपाट राहतो, म्हणून त्याच फोटोला कातडीवर कमी पडतं. दुसरं म्हणजे आपल्याकडचं व्होल्टेज. संध्याकाळी शेतीपंप चालू झाले की लाइन पडते, साध्या मशीनचा केव्ही लाइनबरोबर खाली, फिल्म पांढरी, की परत मारा. हाय फ्रिक्वेन्सीवालं बऱ्यापैकी सांभाळून घेतं.

तिसरं टाइम. कमरेचं लॅटरल (बाजूने काढलेला फोटो) धरा, ६० एमएएस (एमए गुणिले सेकंद) लागले. छोटं मशीन त्या केव्हीला ६० एमएच देत असेल तर पूर्ण १ सेकंद लागतो, तेवढ्यात दुखणारा माणूस हललाच. ३०० एमएवर तेच ०.२ सेकंदात होतं. डोस कागदावर सारखाच, पण पहिल्यात परत मारावं लागतं आणि परत मारलं की सरळ डबल. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात पेशंटला सगळ्यात जास्त फुकट किरण मिळाले ते रिपीटमुळे, बाकी सगळं त्याच्या मागे. म्हणून मशीन बघताना मी एकच विचारीन, हे मशीन मला एकाच शॉटमध्ये, छोट्या फील्डमध्ये फोटो देईल का?

फील्डचं तुम्हाला सांगायला नको, तुम्ही भोगलंय. १४ बाय १७ पूर्ण उघडं म्हणजे २३८ चौरस इंच, हाताला ८ बाय १० पुरतं, म्हणजे ८०. तिप्पट अंगावर किरण, आणि तिथूनच उडणारा स्कॅटर (अंगावरून इकडेतिकडे विखुरणारे किरण) तुमच्याकडे येतो. पेशंटचं फील्ड लहान केलं की तुमचाही डोस कमी होतो, दोघांचं भलं एकाच बटणात आहे.

फ्री अ‍ॅप्रनवर भाळू नका. चांगला घ्या आणि खुंटीवर किंवा जाड दांडीवर टांगा. घडी घालून ठेवलेल्या अ‍ॅप्रनला आतून चिरा पडतात, बाहेरून कापड एकदम नवं दिसतं. आमच्याकडे एकदा संशय आला म्हणून कॅसेटवर पसरून एक्सपोज केला तर घडीच्या रेषेवर बोटभर रुंद भेग, आणि तो अ‍ॅप्रन घालून आमची सिस्टर दोन वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभी राहत होती.

क्यूए_फिरस्ता

वरती दादांनी अगदी मुद्द्याचं लिहिलंय. मी एक्स-रे मशीनच्या क्यूए टेस्ट (गुणवत्तेची तपासणी) करत पश्चिम महाराष्ट्रभर फिरतो, म्हणून कागदपत्रं आणि मोजमाप या बाजूने सांगतो.

सगळ्यात आधी मशीनला एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) टाइप अप्रूव्हल आहे का ते बघा. डीलर तोंडी हो म्हणेल, मॉडेलच्या नावासकट कागद मागा, कारण कंपनी तीच पण मॉडेल वेगळं असं बरेचदा सापडतं. मग क्रम असा की ई-लोरावर (एईआरबीच्या ऑनलाइन पोर्टलवर) दवाखान्याचं रजिस्ट्रेशन, तिथूनच खरेदीची परवानगी, मग मशीन बसवणं, मग क्यूए टेस्ट, आणि मग लायसन्स. लायसन्स हातात आल्यावरच पेशंट घ्यायचे. बरेच जण मशीन आधी आणतात, वर्षभर वापरतात आणि तपासणी येणार म्हटल्यावर आम्हाला फोन करतात. आरएसओसुद्धा (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) नेमावा लागतो. जुनं मशीन भंगारात देतानाही ई-लोरावर तशी नोंद करावी लागते, परस्पर विकू नका.

कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून मागा, तोंडी नको. ट्यूबचं लीकेज १ मीटरवर तासाला १ मिलिग्रेच्या आत पाहिजे. टोटल फिल्ट्रेशन २.५ मिमी अ‍ॅल्युमिनियम किंवा जास्त. लहान मुलं जास्त येत असतील तर ०.१ मिमी तांब्याचा जादा फिल्टर लावता येतो का ते विचारा, हाडाच्या दवाखान्यात याचा खरंच उपयोग होतो. ग्रिड (स्कॅटर अडवणारी जाळी) सहज काढता आली पाहिजे, कारण मुलाच्या हाताला किंवा पातळ भागाला ग्रिड लावली की उगाच एक्सपोजर वाढवावं लागतं. डीएपी मीटर (डोस आणि फील्ड मिळून मोजणारं) असेल तर सोन्याहून पिवळं. पॅनल सीझियम आयोडाइडचं की गॅडोलिनियमचं तेही विचारा, सीझियमवालं सहसा कमी डोसमध्ये तेवढाच फोटो देतं, किंमत जास्त असते आणि डीलर आपणहून सांगत नाहीत.

आणि स्क्रीनवर एक्सपोजर इंडेक्स (पॅनलवर किती किरण पोचले त्याचा आकडा) दिसतो का? नुसता नाही, डेव्हिएशन इंडेक्ससकट. डीआय शून्य म्हणजे ठरवलेल्या टार्गेटवर, अधिक ३ म्हणजे डबल गेलं, उणे ३ म्हणजे निम्मं. दादा म्हणतात ती हळूहळू वाढत जायची सवय पकडायचं हेच एक साधन आहे. मी जातो तिथे अर्ध्या ठिकाणी तो आकडा सेटिंगमध्ये लपवलेला असतो आणि टेक्निशियनला माहीतच नसतो. इन्स्टॉलेशनच्या दिवशी इंजिनिअरला समोर बसवून चालू करून घ्या, टार्गेट पण त्याच दिवशी भरून घ्या.

कॉलिमेटरचा चेक तुम्ही स्वतः करू शकता, मशीन लागतंच, बाकी खिशातली नाणी. १०० सेमीवर लाइटचं चौकोन पाडा, चारी कडांना एकेक रुपयाचं नाणं असं ठेवा की नाण्याची एक बाजू बरोबर कडेला लागेल, आणि एक हलका एक्सपोजर द्या. फोटोत किरणांची कड नाण्यापासून २ सेमीपेक्षा जास्त सरकलेली दिसली तर लाइट खोटं बोलतोय. परवानगी अंतराच्या २ टक्के इतकीच आहे. नवीन मशीन ताब्यात घेताना हे करा, आणि ट्यूबला धक्का लागला की परत करा.

रूमबद्दल. २३ सेमी म्हणजे आपली नऊ इंची वीट भरीव असेल तर साधारण चालते, पण चेस्ट स्टँडच्या मागची भिंत वेगळी मोजावी लागते कारण तिथे थेट किरण जातात. चेस्ट स्टँड कधीही दाराच्या किंवा कंट्रोलच्या दिशेने लावू नका. खिडकी असेल तर बाहेरच्या जमिनीपासून २ मीटरच्या वर. दाराला शिसं आहे असं म्हणतात यावर बसू नका, सर्व्हेमध्ये (मीटरने गळती मोजतात तेव्हा) ते लगेच कळतं. मी एका ठिकाणी दार मोजलं तर शिशाचा पत्रा होता पण मधेच संपला होता, खालचा दीड फूट नुसता प्लाय, आणि बाहेर तुमच्यासारखाच बाक, म्हणजे बसलेल्या माणसाच्या बरोबर पायांच्या उंचीला. सामान्य लोकांसाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (डोसचं माप) आहे, आठवड्याला मोजायचं तर २० मायक्रोसिव्हर्ट. तो बाक आधी हलवा, मशीन नंतर घ्या.

क्यूए दर दोन वर्षांनी, आणि ट्यूब बदलली किंवा मोठी दुरुस्ती झाली की लगेच. म्हणजे तिसऱ्या पर्यायात जुनं मशीन दुरुस्त केलंत तरी हे सगळं करावंच लागणार आहे, डॉक्टरांना हा खर्च आत्ताच सांगा.

एक्सरेवाली_ताई

दादा आणि सर, दोघांचेही खूप आभार, वहीत उतरवून घेतलंय. एक विचारू का, टीएलडी बॅज (आपल्याला मिळालेला डोस नोंदवणारा) अ‍ॅप्रनच्या आत लावायचा की बाहेर? आमच्याकडे दोघी जणी दोन प्रकारे लावतो. आणि बाळाचं ठरलं तर कधी सांगायचं?

क्यूए_फिरस्ता

आत, छातीवर. अ‍ॅप्रन काढून टांगताना बॅज त्यालाच राहिला तर तो रूममध्ये एकटा किरण खात बसतो आणि तीन महिन्यांनी तुमच्या नावावर मोठा आकडा येतो, मग चौकशी. काम संपलं की कंट्रोल बॅजसोबत (कुणी न घालता तुलनेसाठी ठेवलेला) बाहेर ठेवा, एक्स-रे रूमपासून लांब. एकमेकींचा बॅज वापरू नका. आपल्याकडे वर्किंग माणसाला ५ वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही अशी मर्यादा आहे, पण साध्या एक्स-रेत शिस्तीत, बॅरियरच्या (किरण अडवणाऱ्या आडोशाच्या) मागे उभं राहून काम केलं तर रिपोर्ट त्याच्या जवळपासही जात नाही. बाळाचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना आणि आरएसओला लेखी कळवा. त्यानंतर उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचं असतं. याचा अर्थ नोकरी सोडायची असा नाही, मोबाइल आणि ओटीचं काम दुसऱ्याकडे द्यायचं आणि बॅरियर सोडायचा नाही. घाबरू नका, पण लपवूही नका.

ऑर्थो_मराठवाडा

मी स्वतः ऑर्थोपेडिक सर्जन आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने बोलतो, म्हणजे पैशांच्या. मीही सुरुवातीला जुन्या मशीनवर पॅनल बसवलं होतं. वर्षभरात ट्यूब गेली, ती बदलली, मग टायमर, आणि शेवटी हाय फ्रिक्वेन्सी घेतलंच, म्हणजे दोनदा खर्च. पैसे कमी असतील तर माझं मत, हाय फ्रिक्वेन्सी जनरेटर आणि चांगला कॉलिमेटर आत्ता घ्या, सीआर आहे तेच चालवा, पॅनल दोन वर्षांनी घ्या. उलट क्रमाने करू नका.

अजून एक, तुमच्याकडे सी-आर्म (ऑपरेशन करताना चालू चित्र दाखवणारं एक्स-रे मशीन) असेल तर खरा डोस तिथे आहे, एक्स-रे रूममध्ये नाही. आम्ही सर्जन लोक पेडलवर पाय ठेवून बसतो. ट्यूब खाली आणि रिसेप्टर (किरण झेलणारा भाग) वर, पेशंटच्या अगदी जवळ, एवढं केलं तरी डोक्याकडे येणारा स्कॅटर खूप कमी होतो, कारण तो ट्यूबच्या बाजूला जास्त असतो. नवीन घेताना पल्स मोड (किरण सलग न देता थांबून थांबून देणारा) आणि शेवटचा फोटो स्क्रीनवर थांबणारा बघा. थायरॉइड कॉलर घ्या आणि घाला. डोळ्यांच्या मोतीबिंदूचा धोका आधी वाटायचा त्यापेक्षा कमी डोसला होतो असं दिसल्यावर आयसीआरपीने (किरणांपासून संरक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने) २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगाची मर्यादा १५० वरून वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टवर आणली, हे माझ्या कितीतरी सहकाऱ्यांना अजून माहीत नाही. तुम्ही टेक्निशियन असाल तर शॉटच्या वेळी एक पाऊल नाही, दोन-तीन पावलं मागे जा. अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्साच उरतो.

दोन_लेकरांची_आई

मी यातली नाही, पेशंटकडची आहे, विचारलं तर चालेल ना? माझ्या मुलीच्या पाठीला बाक आहे, वर्षातून दोनदा पूर्ण मणक्याचा एक्स-रे होतो. आधीच्या ठिकाणी पोटावर शिशाचं घालायचे, आता नवीन ठिकाणी काहीच घालत नाहीत आणि मुलीला पाठमोरी उभी करतात. मला वाटलं हे लोक निष्काळजी आहेत, मी भांडून आले. चुकलं का माझं?

जुना_डार्करूमवाला

माउली, विचारलंत ते बरं केलंत, भांडलात त्यात काळजीच होती. पण ते लोक बहुधा बरोबर करतायत. पाठमोरी उभी केली की किरण पाठीकडून शिरतात आणि छातीच्या वाढत्या भागापर्यंत पोचताना बरेच कमी झालेले असतात, वाढत्या मुलींसाठी हे फार महत्त्वाचं. शिशाच्या तुकड्याचं म्हणाल तर आम्ही आयुष्यभर घातलं, पण २०१९ मध्ये अमेरिकेच्या मेडिकल फिजिसिस्ट लोकांच्या संघटनेने सांगितलं की पेशंटच्या ओटीपोटावर रोजच्या सवयीने शिसं घालणं बंद करा. तो तुकडा सरकून हाड झाकतो मग रिपीट करावं लागतं, ऑटो एक्सपोजर असेल तर मशीन समोर शिसं बघून उलट जास्त किरण देतं, आणि आत उडणारा स्कॅटर त्याने थांबत नाही. मलाही पचायला वेळ लागला. तुम्ही त्यांना एवढंच विचारा की फील्ड मणक्यापुरतं आवळता का, आणि जुने फोटो सोबत न्या म्हणजे उगाच जादाचा व्ह्यू निघणार नाही. मुलीला धरायची वेळ आली तर अ‍ॅप्रन मागून घ्या, आणि तुम्हाला दिवस गेलेले असतील तर धरू नका, वडिलांना धरू द्या.

दोन_लेकरांची_आई

कळलं. सोमवारी जाऊन त्या टेक्निशियन दादांची माफी मागते.

एक्सरेवाली_ताई

कालपासून बरंच झालं म्हणून लिहितेय. नाण्यांचा चेक केला, आमच्याच मशीनवर. लाइट एका बाजूला साडेचार सेमी सरकलेला निघाला, म्हणजे माझ्या हाताची तीन बोटं, आणि मी रोज त्याच्यावर विश्वास ठेवून फील्ड आवळत होते, म्हणून खांद्याच्या फिल्म एका बाजूने कापल्या जायच्या आणि मला वाटायचं माझं पोझिशनिंग चुकतंय. तो फोटो डॉक्टरांना दाखवला. ते पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले जुनं मशीन ठेवायचा विषय बंद. ऑर्थो सरांचा क्रम त्यांना पटलाय, हाय फ्रिक्वेन्सी आत्ता, पॅनल पुढच्या दिवाळीनंतर.

रिपीटची वही पण सुरू केली. काल दोन झाले, दोन्ही कमरेचे लॅटरल, दोन्ही हलल्यामुळे, दादा म्हणाले तसंच.

डीलरला टाइप अप्रूव्हलचा कागद, लीकेज, फिल्ट्रेशन आणि डेव्हिएशन इंडेक्स असं सगळं लेखी मागितलंय. एकाने लगेच पाठवलं. फ्री अ‍ॅप्रनवाल्याने अजून फोन उचललेला नाही.

दार सर्व्हेशिवाय कळणार नाही, त्याची तारीख ठरवतोय. तोवर बाहेरचा बाक आज दुपारी मी आणि मामांनी उचलून केसपेपरच्या खिडकीजवळ नेलाय.